शहर येण्याआधी आपली पाणंद

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

 सकाळची कामं उरकून, कुणी भाजी निवडत, कुणी शेळ्यांमागं हिंडत रेडिओ ऐकत असाल. मी बचत गटांची समन्वयक. गेली अकरा वर्षं गटांच्या बैठका घेते, वह्या तपासते, बँकेत सोबत जाते. एरवी मी तुमच्याशी कर्ज, हप्ता आणि व्याज यावर बोलते. आज मात्र रस्त्यावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रस्ता हा पुरुषमंडळींचा विषय. पण रस्त्यावरून पायी जास्त कोण चालतं? पाण्याला, दळणाला, शाळेत पोराला सोडायला, दवाखान्यात, रेशनला आपणच जातो. म्हणजे रस्ता चुकला तर पाय आपलेच दुखतात.

माझं गाव पुण्याच्या कडेला आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही गोष्ट एकट्या माझ्या गावाची नाही. २०१७ साली पुणे महापालिकेत ११ गावं घेतली. जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं घेतली. त्या २३ मधलं माझं गाव. त्याआधी १९९७ सालीही ३८ गावं घेतली होती, पुढं त्यातली काही वगळली. आणि २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. एकदा आत, एकदा बाहेर. हे सगळं कागदावर होत राहतं. जमिनीवर मात्र त्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट झालेली असते. शेतं गुंठ्यागुंठ्यानं विकली जातात, आणि त्यात रस्ते पडतात. किंवा रस्ते बंद होतात.

आमच्या गावात एक पाणंद होती. वेशीतल्या मारुतीपासून निघायची, दोन्ही बाजूंना घायपाताचं कुंपण, मधे ओढा, आणि पलीकडं शेजारच्या गावची मोठी शाळा अन् आरोग्य उपकेंद्र. रमतगमत गेलं तरी दहा-बारा मिनिटं. पावसाळ्यात चिखल व्हायचा, चपला हातात घेऊन जायचो. माझं सातवीपर्यंतचं शिक्षण त्या पाणंदीनंच झालं म्हणा ना.

२०१८ साली ओढ्याअलीकडची जमीन विकली गेली. तिथं इमारती होणार होत्या. एक दिवस पाणंदीवर चुन्याच्या रेघा दिसल्या. त्यानंतरच्या ग्रामसभेत आमच्या गटातल्या एक आजी उठल्या. म्हणाल्या, "पाणंद बंद करतायत. ती बंद करू देऊ नका." सभेत थोडा गलका झाला. सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. मी बी. ए. झालेली, गटांची मोठी ताई, माझ्या शब्दाला किंमत. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "आजी, आता गाव शहरात जाणार. डांबरी रस्ते होतील. चिखलाच्या पाणंदीचं काय घेऊन बसलात?"

सगळे हसले. आजी खाली बसल्या.

मैत्रिणींनो, ते हसू मला अजून ऐकू येतं. कारण दोन महिन्यांत तिथं आठ फुटी भिंत उभी राहिली. आणि डांबरी रस्ता झाला, खरंच झाला. पण तो भिंतीच्या आतल्या लोकांसाठी. हमरस्त्यावरून आत येतो आणि भिंतीला येऊन थांबतो. आम्हाला शेजारच्या गावी जायचं तर आधी उलट दिशेनं हमरस्त्याला जायचं, ट्रक-डंपरच्या कडेनं चालायचं, आणि पुन्हा आत वळायचं. दहा-बारा मिनिटांची वाट पाऊण तासावर गेली. माझ्या गच्चीवरून ती शाळा दिसते. मधली सुट्टी झाली की पोरांचा आवाज येतो. पण चालत जायचं तर तीन किलोमीटर.

पहिल्याच वर्षी सातवी-आठवीच्या चार मुलींची शाळा सुटण्याची वेळ आली. घरचे म्हणाले, हमरस्त्यानं एकटीला कसं पाठवायचं? दोघींसाठी रिक्षा लावली, महिन्याचा खर्च वाढला. बाकीच्या दोघी बसल्या घरी. आमच्या गटाचं पोळी-भाजी केंद्र होतं. ओढ्यापलीकडच्या खोल्यांमधून कामगार पोरं डबे न्यायला यायची. भिंत झाल्यावर निम्मे डबे बंद. कर्जाचे हप्ते आम्ही कसेबसे फेडले.

आणि एक रात्र. गटातल्या एका ताईंची सून अडली होती. रुग्णवाहिका बोलावली. चालकानं मोबाईलवर नकाशा पाहिला, तर घर अगदी जवळ दिसत होतं. तो आला तो भिंतीच्या पलीकडं. त्याच्या गाडीचा दिवा आम्हाला भिंतीवरून दिसत होता आणि आम्ही इकडून ओरडत होतो. गाडी वळवायला जागा नव्हती. तो तशीच मागं मागं घेत हमरस्त्यापर्यंत गेला आणि फेरा मारून आला. मूल गाडीतच झालं. देवाच्या दयेनं मायलेकी सुखरूप आहेत. पण त्या रात्री भिंतीशी उभी असताना मला आजींचं बोलणं आठवलं आणि माझी मान खाली गेली. तेव्हापासून मी रस्त्यांचं थोडं समजून घ्यायला लागले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

आपण दारात ठिपक्यांची रांगोळी काढतो. ठिपका ठिपक्याला जोडायचा, उभा, आडवा, तिरका. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला पाच-सहा वाटा असतात. एखादी रेघ पुसली तरी रांगोळी मोडत नाही. आता फणी डोळ्यासमोर आणा. फणीचे दात शेजारीशेजारी असतात, पण एका दातावरून शेजारच्या दातावर जायचं तर आधी कण्यापर्यंत यायला लागतं. दोन दातांच्या टोकांमधे बोटभर अंतर, पण वाट लांबची. शहराचे रस्ते एकतर रांगोळीसारखे असतात, नाहीतर फणीसारखे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी लग्नाच्या खरेदीला पुण्यात तुळशीबागेत गेल्या असतील. आठवा. गल्ल्या अरुंद आहेत, गर्दी आहे. पण एक गल्ली तुंबली तर दुसरी सापडते. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्ता मिरवणुकीनं भरून जातो, तरी तिथली माणसं मागच्या बोळांतून घरी पोचतात. जुन्या पेठा म्हणजे रांगोळी. आता दुसरीकडं हिंजवडी पाहा. मोठमोठ्या कंपन्या, रुंद रस्ते. पण येण्याजाण्याच्या वाटा मोजक्या, आणि गाड्यांचा लोंढा शिवाजी चौकात येऊन अडकतो. रुंदी भरपूर आहे, पण जोड कमी आहेत. म्हणजे रस्ता किती रुंद आहे एवढंच पाहून भागत नाही. तो कुठं जातो, आणि किती रस्त्यांना मिळतो, हे पाहावं लागतं.

मग शहराच्या कडेला फणीच का तयार होते? याचं उत्तर आपल्या बांधावर आहे. आपल्याकडं जमिनीच्या वाटण्या कशा होतात? प्रत्येक भावाला रस्त्याचं तोंड मिळायला पाहिजे, म्हणून लांब लांब पट्ट्या पडतात. रस्त्याकडं तोंड अरुंद, मागं लांबच लांब. शेतीला ते चालतं, कारण बांधावरून जाता येतं. पण तीच पट्टी प्लॉट पाडून विकली, की मालक पट्टीच्या आत पंधरा फुटांचा बोळ काढतो. बोळ पट्टीच्या शेवटाला संपतो, कारण पुढं दुसऱ्याची जमीन. शेजारचा भाऊही तेच करतो. त्याच्या शेजारचाही तेच. झाली फणी तयार. यात कुणी दुष्ट नसतं. प्रत्येक जण आपापल्या पट्टीपुरतं शहाणपणानंच वागतो. पण सगळ्यांचं मिळून जे होतं, ते पुढची शंभर वर्षं लोकांना भोगावं लागतं. घर पाडून पुन्हा बांधता येतं. पण दोन्ही बाजूंना घरं झाल्यावर मधून रस्ता काढणं फार अवघड.

आणि याचा खर्च कुणाच्या डोक्यावर? फणीच्या बोळात कचऱ्याची गाडी जात नाही, कारण वळायला जागा नाही. बस जात नाही, कारण तिला पुढं निघायला वाट लागते. पाण्याची आणि सांडपाण्याची नळी प्रत्येक बोळात वेगळी न्यायची, तीही हमरस्त्यापासून. घरं लांबलांब पसरलेली असली तर तेवढ्याच घरांना जास्त नळी, जास्त खांब, जास्त फेऱ्या लागतात. म्हणून अशा वस्तीत आधी घरं होतात, आणि पाणी वर्षानुवर्षं टँकरनं येतं. टँकरसुद्धा बोळाच्या तोंडाशी थांबतो, तिथून हंडे कोण वाहतं हे सांगायला नको.

आता मी तुम्हाला एक हिशेब सांगते. गटाच्या वहीसारखाच आहे, घाबरू नका. आमच्या गटात तीन सख्ख्या जावा आहेत. तीन भावांच्या तीन पट्ट्या, शेजारीशेजारी. प्रत्येक पट्टी एक एकर. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब. एकर म्हणजे ४० गुंठे, आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे तुम्हाला माहीतच आहे. तिघांनाही जमिनीचा काही भाग विकायचा होता. पोरांची शिक्षणं, थोरल्यांचं आजारपण. प्रत्येक भाऊ आपल्या पट्टीत १५ फुटी बोळ काढणार होता. हिशेब करा. १५ गुणिले ६६० म्हणजे ९,९०० चौरस फूट, साधारण नऊ गुंठे. तिघांचे मिळून सव्वासत्तावीस गुंठे रस्त्यात जाणार. आणि तिन्ही बोळ टोकाला बंद.

मी तिघी जावांना बसवलं आणि वहीच्या पानावर आकृती काढली. समजा, तिन्ही पट्ट्या मिळून १९८ फूट रुंदी झाली. मधोमध एकच ३० फुटी रस्ता काढला. त्यात गेले १९,८०० चौरस फूट, म्हणजे सव्वाअठरा गुंठ्यांना थोडे कमी. शिवाय मध्यावर एक आडवा ३० फुटी रस्ता काढला, जो दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या जमिनींना जाऊन मिळेल. त्यात आणखी पाच हजार चाळीस चौरस फूट, म्हणजे साडेचार-पावणेपाच गुंठे. एकूण बेरीज पावणेतेवीस गुंठ्यांच्या आसपास. म्हणजे रस्ता दुप्पट रुंद झाला, वर आडवा रस्ताही मिळाला, आणि तरी साडेचार गुंठे जमीन वाचली.

धाकट्या जाऊबाईंनी आकडे दोनदा तपासले. म्हणाल्या, "ताई, मग सगळे असंच का करत नाहीत?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कारण मधली पट्टी माझी आहे. रस्ता सगळा माझ्यातून जाणार."

खरी गाठ तिथंच होती. मधल्या पट्टीतून ३० फूट गेले तर थोरलीला सगळ्यात कमी राहणार. चार बैठका झाल्या. एकदा तर थोरली आणि मधली आठ दिवस बोलल्या नाहीत. शेवटी असं ठरलं की रस्ता आधी सगळ्यांच्या मिळून जमिनीतून वजा करायचा, आणि उरलेली जमीन तिघांत सारखी वाटायची. पट्ट्यांच्या जुन्या हद्दी विसरायच्या. वाटणीपत्र नव्यानं करायचं. नणंदांनाही बोलावलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. त्यांना न विचारता कागद केला तर तो उद्या कोर्टात अडकतो. धाकट्या नणंदबाईंनी तर स्पष्ट सांगितलं, "मला हक्कसोड करायची नाही, पण रस्त्याला माझी ना नाही." तिच्या नावचा हिस्सा ठेवला. मग सगळ्यांनी मिळून परवानगीसाठी आराखडा दिला. वेळ गेला, चपला झिजल्या. पण आज तो रस्ता आहे, आणि त्याच्या आडव्या टोकाला शेजाऱ्यांनीही आपला रस्ता आणून मिळवला आहे.

तिघी जावांनी जे केलं, तेच मोठ्या प्रमाणावर करायची एक पद्धत सरकारातही आहे. तिला नगररचना योजना म्हणतात. तिचा कायदा आपल्याकडं १९१५ साली मुंबई इलाख्यात आला, आणि आता १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात तिची तरतूद आहे. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, शाळा, बाग, दवाखाना यांची जागा काढायची. आणि प्रत्येक मालकाला पूर्वीपेक्षा लहान, पण चौकोनी आणि रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. कुणाचीच जमीन पूर्ण जात नाही, सगळ्यांची थोडी थोडी जाते. गुजरातनं ही पद्धत जास्त वापरली. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बऱ्याच अंशी अशा योजनांतून जमीन मिळवून झाला. २००१ च्या भूकंपात भूज शहर कोसळलं. जुन्या भुजातले बोळ इतके अरुंद आणि बंद होते की ढिगाऱ्यात अडकलेल्यांपर्यंत मदत पोचणं अवघड झालं. पुढं तिथं नगररचना योजना करूनच जुन्या शहरात रुंद आणि एकमेकांना जोडलेले रस्ते काढले. म्हणजे झालेल्या शहरातही जोड देता येतो. पण त्यासाठी भूकंपाची वाट कशाला पाहायची?

आता काही मैत्रिणींच्या मनात आलं असेल की रस्ता पुढं जोडला की परके लोक येणार, गाड्या भरधाव जाणार, पोरं दारात खेळायची कशी? हा प्रश्न खोटा नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंनीही विचारला होता. त्याला उत्तर असं की प्रत्येक जोड मोटारीसाठीच असायला पाहिजे असं नाही. चार-सहा फुटांची पायवाट असली, तिच्या तोंडाशी दोन खांब रोवले, तरी माणूस जातो, सायकल जाते, शाळेची पोरं जातात आणि गाडी थांबते. आणि वाट सुनी असली की जास्त भीती वाटते. चार बायका येतात-जातात त्या वाटेवर पोरगी एकटी गेली तरी काळजी कमी.

हे मी अनुभवानं सांगते. आमच्या भिंतीचं पुढं काय झालं ते आता सांगते.

त्या रात्रीनंतर आम्ही पंधरा-वीस जणी तहसील कचेरीत गेलो. तिथं कळलं की वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दावा करता येतो. पण तो रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमचे सहा महिने कधीच उलटून गेले होते. ते सहा महिने मी डांबरी रस्त्याची वाट पाहत बसले होते. मैत्रिणींनो, आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे एवढं लक्षात ठेवा. रस्ता अडला, की सहा महिने.

तोवर गाव महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत संपली, ग्रामसभाही संपली. आणि मार्च २०२२ पासून महापालिकेतही प्रशासक बसले. तेव्हा गावात सरपंच नव्हता, आणि निवडून दिलेला नगरसेवकही नव्हता. अर्ज घेऊन जायचं कुणाकडं? आम्ही अर्ज देत राहिलो, पोच घेत राहिलो. पोचांची फाईल जाड झाली, पण भिंत होती तिथंच होती.

मग एक दिवस आमच्या आजी, त्याच आजी, मला म्हणाल्या, "अगं, भिंतीपलीकडं बी बायकाच राहतात ना? त्यांना विचारलंस का?" मी खरंच विचारलं नव्हतं. माझ्या मनात त्या फ्लॅटवाल्या म्हणजे भिंतच. आम्ही हळदी-कुंकवाचं निमित्त केलं आणि गेलो. पहारेकऱ्यानं अर्धा तास थांबवलं. पण आत गेलो तर काय! त्या बायकाही वैतागलेल्या. त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या बायका फेरा पडतो म्हणून काम सोडून जात होत्या. ताजी भाजी आमच्या वेशीत मिळते, ती त्यांना खिडकीतून दिसते, पण आणायची तर गाडी काढायला लागते. एका काकूंच्या गुडघ्याचं दुखणं, त्यांना फिरायला मोकळी वाटच नाही. त्यांना पाणंद होती हेच माहीत नव्हतं. त्यांनी घर घेतलं तेव्हा भिंत होतीच.

त्या बायकांनी आपल्या सोसायटीच्या बैठकीत विषय लावून धरला. दोनदा नामंजूर झाला. तिसऱ्यांदा मंजूर झाला. आज त्या भिंतीत चार फुटांचं दार आहे. सकाळी सहाला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. रुग्णवाहिका त्यातून जात नाही. म्हणून आमचा अर्ज चालूच आहे. पण घरी बसलेल्या दोघींपैकी एक मुलगी पुन्हा शाळेत गेली. दुसरीचं तोवर लग्न झालं होतं. ते दार तिच्यासाठी उशिरा उघडलं.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या गावात शहर अजून आलेलं नाही. तुमच्याकडं ग्रामसभा आहे, पाणंद आहे, आणि वेळ आहे. म्हणून काय करायचं ते सांगते. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम, गावनकाशा मिळवा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला, फी भरली की नक्कल मिळते. त्यावर दुहेरी तुटक रेघ असते ती गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फुटांची. एकेरी तुटक रेघ असते ती पायवाट, सव्वाआठ फुटांची. आपल्याला वाटतं पाणंद म्हणजे नुसती सवय. पण तिची कागदावर रेघ असते.

दुसरं काम, गटाच्या बैठकीनंतर शिवार फेरी काढा. नकाशा हातात घेऊन प्रत्येक रेघ पायानं चाला. कुठं बांध सरकलाय, कुठं कुंपण आलंय, कुठं उकिरडा झालाय, ते वहीत लिहा. म्हाताऱ्या बायकांना बरोबर घ्या. त्यांना जुन्या वाटा पाठ असतात.

तिसरं काम, महिला ग्रामसभेत आणि मग मोठ्या ग्रामसभेत ठराव घ्या की अमुक अमुक पाणंदी गावच्या आहेत, त्या मोकळ्या ठेवाव्यात. पाणंद रस्त्यांची कामं करायला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्याचा निर्णयही शासनानं २०२५ मध्ये केला आहे. तलाठ्यांना याबद्दल विचारा, आणि नोंद झाली का ते उतारा काढून पाहा.

चौथं, वाट अडली तर तक्रार सहा महिन्यांच्या आत. आणि शेतात जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. तोही अर्ज तहसीलदारांकडंच.

पाचवं, शहराचा किंवा प्रदेशाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. त्याला ठरलेली मुदत असते. नकाशावर आपली पाणंद आहे का ते पाहा. नसेल तर लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. एकटीनं देण्यापेक्षा गटागटानं द्या.

आणि सहावं, घरात जमीन विकायची बोलणी चालली असतील तर भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. यातला रस्ता कुठं संपणार? सही करायच्या आधी विचारा. तो भिंतीला संपणार असेल, तर शेजारच्या बांधावरच्या बाईला चहाला बोलवा. प्लॉट विकत घेणारी तुमची बहीण, भाची असेल, तर तिलाही हेच सांगा. आणि परवानगीचा आराखडा पाहिल्याशिवाय गुंठ्याला हात लावू नका म्हणावं.

आमच्या आजी आता थकल्या आहेत. तरी सकाळी दार उघडलं की काठी टेकत पलीकडं जातात आणि त्या गुडघेदुखीच्या काकूंबरोबर ओढ्यापर्यंत फिरून येतात. परवा मला म्हणाल्या, "त्या दिवशी सभेत तू माझ्या बाजूनं बोलली असतीस तर दाराची गरजच नव्हती." मी म्हणाले, "हो आजी, चुकलंच माझं." त्या म्हणाल्या, "मग आता दुसऱ्या गावांना सांग."

म्हणून आज सांगितलं. येत्या बैठकीत गावनकाशाचा विषय घ्या. नक्कल आणायला कोण जाणार तिचं नाव त्याच दिवशी वहीत लिहा. काही अडलं तर तुमच्या गटाच्या ताईंमार्फत कळवा, आपण मिळून बघू.